वाचकांचे प्रश्न : कारखान्याची दूषित जमीन आणि सफाईचा हिशोब

बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनींबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कायदे आणि दर देशागणिक वेगळे असतात, म्हणून हिशोब शक्य तिथे प्रमाणात मांडला आहे. ज्याने त्याने आपल्याकडच्या दराने गुणून घ्यावा.

प्रश्न : इलेक्ट्रोप्लेटिंगचा (धातूवर मुलामा चढवण्याचा) एक बंद कारखाना जमिनीसकट विकायला आहे. मालक म्हणतो, सफाईला जमिनीच्या किमतीच्या ३० टक्के खर्च येईल, तेवढे वजा करून ७० टक्क्यांत देतो. सौदा परवडेल का?

उत्तर : या भावात परवडणार नाही. स्वच्छ जमिनीची किंमत १०० धरा. तपासणी, सफाई, पुन्हा तपासणी आणि मंजुरी यांत दोन वर्षे सहज जातात. तोवर पैसा अडकून राहतो. व्याज आणि जोखीम मिळून वर्षाला १० टक्के धरले, तर दोन वर्षांनी हातात येणाऱ्या १०० ची आजची किंमत ८२.६ होते. त्यातून सफाईचे ३० गेले की ५२.६ उरतात. ७० मोजले तर तुम्ही पहिल्याच दिवशी १७ ने तोट्यात गेलात.

आता त्या ३० कडे पाहा. हा आकडा कशावरून आला, हे आधी विचारा. सफाईचे पर्याय तोलण्याच्या टप्प्यावर केलेला अंदाज उणे ३० ते अधिक ५० टक्के इतका चुकू शकतो, हे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था आपल्या मार्गदर्शनात गृहीतच धरते, आणि तोही पुरेशा तपासणीनंतरचा अंदाज असतो. म्हणजे ३० चे २१ होतील किंवा ४५. ४५ झाले तर जमिनीची आजची किंमत ३७.६ वर येते. सफाईनंतरची देखरेख, बँकेची कुरकुर आणि ‘ती रसायनांची जागा’ हा शिक्का यांचा भार त्यावर वेगळा. विम्यावर विसंबू नका. प्रदूषणाच्या जबाबदारीचा विमा मिळतो, पण आधीच माहीत असलेले प्रदूषण त्यातून सहसा वगळलेले असते.

म्हणून भाव पाडून घेण्यापेक्षा कराराची रचना बदला. इसार देताना तपासणीसाठी किमान ९० दिवसांची मुदत आणि त्या मुदतीत विनादंड माघार घेण्याचा हक्क लिहून घ्या. किमतीतला एक भाग एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाकडे राहणाऱ्या खात्यात, ठेवा. तो अंदाजित खर्चाएवढा नको, वरच्या टोकाएवढा, म्हणजे वरच्या उदाहरणात ४५, असावा. ही रक्कम ‘काम झाल्यावर’ सुटेल असे मोघम लिहू नका. खड्ड्याच्या तळाचे आणि भिंतींचे नमुने मर्यादेत आले आणि संबंधित प्राधिकरणाचे पत्र मिळाले, तरच सुटेल असे लिहा. मालक याला अजिबात तयार नसेल, तर त्या ३० वर त्याचा स्वतःचाही विश्वास नाही असे समजायला हरकत नाही.

प्लेटिंगच्या कारखान्यात कुठे पाहायचे तेही सांगतो. क्रोमच्या टाक्या जिथे होत्या तिथल्या फरशीचे सांधे, आम्लाने खाल्लेले काँक्रीट, सांडपाण्याची नाली, सम्प (सांडपाणी साठवायचा खड्डा) आणि मागच्या बाजूला गाळ वाळवायची जागा. काँक्रीटवर किंवा भिंतीच्या पायथ्याशी पिवळट डाग दिसले तर हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची, म्हणजे क्रोमच्या विषारी रूपाची, शंका घ्या. माल धुण्यासाठी टीसीईसारखे (ट्रायक्लोरोइथिलीन) द्रावक वापरत होते का, हे जुन्या कामगारांना विचारा, कारण द्रावक निघाले तर प्रश्न मातीपुरता राहत नाही, भूजलात उतरतो.

प्रश्न : एक हेक्टर जागेच्या तपासणीसाठी दोन दरपत्रके आली. एकात ६ बोअर (मातीच्या नमुन्यासाठी पाडायची भोके) आहेत, दुसऱ्यात २५. दुसरे जवळपास चौपट महाग आहे. बोअर वाढवून तपासणाऱ्याशिवाय कोणाचा फायदा होतो?

उत्तर : तुमचाच होतो. सफाईचा खर्च मातीत किती घाण आहे यावर ठरतो, तितकाच ती नेमकी कुठे आहे हे आपल्याला किती ठाऊक आहे यावरही ठरतो. जिथे ठाऊक नसते तिथे सरसकट खोदावे लागते.

चौकोनी ग्रिडवर, म्हणजे सारख्या अंतराच्या जाळीवर, बोअर घेतले, तर दूषित मातीचा गोल डाग ९५ टक्के खात्रीने सापडण्यासाठी त्याची त्रिज्या दोन बोअरमधल्या अंतराच्या ०.५९ पट तरी असावी लागते. हेक्टरात २५ बोअर म्हणजे २० मीटरचे अंतर, म्हणजे सुमारे २४ मीटर व्यासाचा डाग हाती लागतो. ६ बोअर म्हणजे साधारण ४१ मीटरचे अंतर, आणि मग ४८ मीटरहून लहान डागाची तशी खात्री देता येत नाही. ४८ मीटर व्यास आणि २ मीटर खोली म्हणजे सुमारे ३,६०० घनमीटर, वजनाने ६,५०० टन माती. काम सुरू झाल्यावर एवढी घाण अचानक समोर आली, तर कोणताच ताळेबंद टिकत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एक हेक्टर सरसकट २ मीटर खोदायचा तर २०,००० घनमीटर माती निघते. समजा २५ चौकोनांपैकी ७ च दूषित निघाले, तर ७ गुणिले ४०० चौरस मीटर गुणिले २ मीटर, म्हणजे ५,६०० घनमीटरवर काम भागते. वाचलेल्या १४,४०० घनमीटरांची खोदाई, वाहतूक, विल्हेवाट आणि नवा भराव या सगळ्याचा खर्च एका बाजूला ठेवा आणि १९ जादा बोअरांचा दुसऱ्या बाजूला. तुलनाच होत नाही.

मात्र सगळे बोअर डोळे झाकून ग्रिडवर टाकू नका. टाक्या, नाल्या, भंगाराची जागा, ट्रान्सफॉर्मर अशा संशयित ठिकाणांसाठी काही राखून ठेवा. प्रत्येक बोअरमधून तीन-चार खोलींचे नमुने घ्या आणि ते एकत्र मिसळू देऊ नका, कारण मिसळलेल्या नमुन्यात वरची घाण खालच्या स्वच्छ मातीत लपते. द्रावक किंवा पेट्रोलचा संशय असेल तर नमुना कसा घेतला जातो हे स्वतः उभे राहून पाहा. कोअर (बोअरमधून निघणारा मातीचा दांडा) बाहेर आल्याबरोबर पाचेक ग्रॅम माती छोट्या सिरिंजने काढून थेट मिथेनॉल असलेल्या बाटलीत गेली पाहिजे, आणि बाटली बर्फाच्या पेटीत, ४ अंशांच्या आसपास. हीच माती प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून संध्याकाळपर्यंत उन्हात ठेवली तर द्रावक उडून जाते आणि अहवाल छान येतो. पुढे त्या छान अहवालाची किंमत मोजावी लागते.

धातू असतील तर लीचिंगची, म्हणजे मातीतून धातू किती झिरपतो याची, चाचणीही आत्ताच करून घ्या. अमेरिकी पद्धतीत मातीच्या २० पट वजनाचा आम्लधर्मी द्रव घालून सुमारे १८ तास घुसळतात आणि द्रवात किती धातू उतरला ते पाहतात. शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. सगळेच्या सगळे शिसे सुटून बाहेर आले तरी किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी शिसे असलेली माती या चाचणीत नापास होऊ, म्हणजे धोकादायक ठरू, शकत नाही, तेव्हा अशा नमुन्यांच्या चाचणीचे पैसे वाचवा. धोकादायक आणि साधा कचरा यांच्या विल्हेवाटीच्या दरांत मोठी तफावत असते, म्हणून कोणता चौकोन कोणत्या वर्गात जातो हे निविदेआधी कळणे फार मोलाचे आहे.

प्रश्न : आमच्या खोदाईचा अंदाज ५,००० घनमीटर होता (५० बाय ५० मीटर, २ मीटर खोल). ठेकेदाराचे बिल ७,४०० घनमीटरचे आले. आम्ही फसलो का?

उत्तर : आकडे तसे म्हणत नाहीत. करार मात्र कच्चा होता.

दोन मीटर खोल खड्ड्याच्या भिंती उभ्या ठेवत नाहीत. एकास एक उतार दिला तर वरची बाजू ५४ मीटर होते आणि घनफळ सुमारे ५,४१० वर जाते. तळाचे नमुने मर्यादेबाहेर आले म्हणून आणखी १५ सेंटिमीटर खरवडले असेल, तर ३७५ घनमीटर वाढले. एकूण झाले ५,७८५. ही जागेवरची घट्ट माती. डंपरमध्ये पडताना ती फुगते, साधारण २० ते ३० टक्क्यांनी. म्हणजे डंपरच्या मापाने ६,९४० ते ७,५२०. तुमचे बिल या पट्ट्यात बसते.

पुढच्या टप्प्यासाठी मोजमापाची पद्धत आधी ठरवा. एक तर खोदाईआधी आणि नंतर सर्वेक्षण करून जागेवरच्या घनफळाचे पैसे द्या, नाहीतर वजनकाट्याच्या पावतीवर द्या. डंपरच्या फेऱ्या मोजून पैसे देऊ नका. वजनावर दिले तर पाण्याकडे लक्ष ठेवा. कोरड्या मातीच्या मानाने ओलावा १० टक्क्यांवरून २५ वर गेला तर तीच माती जवळपास १४ टक्के जड भरते, आणि तेवढ्या पाण्यासाठी तुम्ही धोकादायक कचऱ्याचा दर मोजता. ढीग ताडपत्रीखाली ठेवा, खड्ड्यात पाणी साचू देऊ नका. साचलेच तर ते दूषित समजून टाकीत घ्या. गटारात सोडले तर नवे प्रकरण उभे राहते.

लहान खड्ड्यांत उतारांचा भार फार मोठा असतो. १० बाय १० मीटरच्या खड्ड्यात तोच उतार २०० चे सुमारे २९० घनमीटर करतो. म्हणून लहान पण खोल डागांना शोअरिंगचा (भिंतींना आधार देऊन उभे खोदण्याचा) दर मागवून पाहावा, बरेचदा तो स्वस्त पडतो.

तळाच्या नमुन्यांचा निकाल प्रयोगशाळेतून येईपर्यंत यंत्रे उभी राहतात, हा आणखी एक न दिसणारा खर्च. धातूंसाठी हातातले एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातूचे प्रमाण दाखवणारे) जागेवर वापरा आणि प्रयोगशाळेकडे नमुने फक्त शेवटची खात्री करायला पाठवा. ओल्या मातीत एक्सआरएफ कमी आकडा दाखवते, तेव्हा नमुना वाळवून मगच वाचन घ्या.

प्रश्न : शिसे असलेल्या मातीत सिमेंट मिसळून ती ‘साध्या’ वर्गात आणता येईल असे ठेकेदार सुचवतो. मान्य करावे का?

उत्तर : पद्धत खरी आहे, पण आधी प्रयोगशाळेत वेगवेगळ्या प्रमाणांवर चाचणी मागा. शिशाची विद्राव्यता मध्यम अल्कधर्मी पट्ट्यात, पीएच ९ ते १० च्या आसपास, सर्वांत कमी असते. सिमेंट किंवा चुना जास्त झाला आणि पीएच १२ च्या पुढे गेला की शिसे पुन्हा विरघळू लागते. ‘थोडे जास्त टाकू, बिघडत काय’ या वृत्तीने पक्की होऊ शकणारी माती नापास होते. शिवाय जितके सिमेंट घालाल तितके वजन वाढते आणि त्याचीही वाहतूक भरावी लागते. आणि वर्ग बदलायला कायद्याची मुभा आहे का, हे काम सुरू करण्याआधी लेखी घ्या.

प्रश्न : भूजलात टीसीई आहे. सल्लागार म्हणतो, ३० वर्षे पंपिंग करून पाणी शुद्ध करणे सर्वांत स्वस्त, मूळ स्रोतावर उपचार महाग. हे पटत नाही.

उत्तर : शंका रास्त आहे. उत्तर सूट-दरात, म्हणजे भविष्यातला खर्च आजच्या किमतीत आणण्याच्या दरात, दडलेले असते.

पंपिंगचा वार्षिक खर्च १ धरा. ७ टक्के दराने ३० वर्षांच्या खर्चाची आजची किंमत १२.४ होते. आता स्रोतावरच्या उपचाराला आज ८ खर्च येतो आणि त्यामुळे पंपिंग ७ वर्षांत संपते असे समजा. त्या सात वर्षांचे ५.४, एकूण १३.४. म्हणजे उपचार ‘महाग’. दर ३ टक्के घेतला तर ३० वर्षांच्या पंपिंगचे १९.६ होतात आणि उपचाराचे ८ अधिक ६.२, म्हणजे १४.२. जमीन तीच, पाणी तेच, निवड उलटी. सल्लागाराला दोन्ही दरांनी कोष्टक मागा.

यातली खरी खोच पुढे आहे. ७ टक्क्यांनी पंपिंग अनंतकाळ चालवले तरी आजची किंमत १४.३ च होते, ३० वर्षांपेक्षा जेमतेम १.९ ने जास्त. म्हणजे काम कधीच न संपल्याची शिक्षा कागदावर जवळजवळ शून्य. ज्याने प्रदूषण केले त्याला चालढकल करायला हे गणित फार सोयीचे पडते, आणि त्याचा भार विहिरीवर अवलंबून असलेल्या माणसांच्या वाट्याला येतो.

तीस वर्षे हा आकडाही बहुधा आशावादी असतो. टीसीईची घनता पाण्याच्या सुमारे १.४६ पट, म्हणून ते पाण्याखाली बुडते, चिकणमातीच्या थरावर साचते आणि त्या थरात मुरते. पंपिंग सुरू केले की वाळूतले पाणी लवकर स्वच्छ दिसते, पण चिकणमाती वर्षानुवर्षे थोडे थोडे द्रावक परत सोडत राहते. किती थोडी मात्रा पुरते पाहा : २०० लिटरचे एक पिंप म्हणजे २९२ किलो. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेत टीसीईची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशोबाने एक पिंप ५,८४० कोटी लिटर स्वच्छ पाणी मर्यादेपर्यंत दूषित करायला पुरेसे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये पंपिंगच्या ७७ ठिकाणांचा आढावा घेतला, तेव्हा उद्दिष्ट गाठलेली ठिकाणे ८ होती.

म्हणून आकडे उतरले की पंप लगेच मोडीत काढू नका. बंद ठेवून एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी मोजा, म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही त्यात येतील. आकडे पुन्हा चढले तर स्रोत अजून जिवंत आहे. स्रोतावरच्या उपचाराच्या दाव्यांनाही हीच कसोटी लावा. ७० टक्के द्रावक काढले म्हणून वेळ ७० टक्के घटत नाही, कारण उरलेले बहुधा चिकणमातीतच असते. आधी एका कोपऱ्यात पथदर्शी चाचणी, मग पूर्ण रक्कम.

प्रश्न : आम्ही काहीच टाकले नाही. टाकणारी कंपनी कधीच गुंडाळली. मग खर्च आमच्या गळ्यात का?

उत्तर : कारण जमीन पळून जात नाही, कंपनी जाते. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात लव्ह कॅनॉल या पडीक कालव्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. दस्तात जबाबदारी झटकणारे कलम होते. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेत दूषित जागांच्या सफाईसाठी सुपरफंडचा कायदा आला. त्यात आजचा मालक, कचरा टाकला तेव्हाचा मालक, कचरा पाठवणारा असे सगळे एकेकटे पूर्ण खर्चाला जबाबदार धरता येतात, आणि तेही मागच्या काळातल्या कृत्यासाठी. हूकरची वारस कंपनी ऑक्सिडेंटल १९९५ मध्ये १२.९ कोटी डॉलर भरायला तयार झाली.

या कडकपणाचा दुसरा परिणाम असा झाला की प्रामाणिक खरेदीदारही जुन्या जमिनीपासून लांब पळू लागले. म्हणून २००२ मध्ये तिथे कायदा दुरुस्त करून खरेदीआधी रीतसर चौकशी करणाऱ्याला संरक्षण दिले. त्या चौकशीचे महत्त्वाचे भाग खरेदीच्या दिवशी १८० दिवसांहून जुने चालत नाहीत. तुमच्या देशात असे संरक्षण असेल तर त्याच्या तारखा काटेकोर पाळा.

वसुलीत वेळ हाच मोठा मुद्दा असतो. राजस्थानातल्या बिछडी गावात एच-ॲसिडच्या (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनाच्या) कारखान्यांच्या गाळाने विहिरी नासल्या, त्यावर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषकानेच भरावे असा निकाल दिला. पैसे तरीही वर्षानुवर्षे टाळले गेले. २०११ मध्ये न्यायालयाने थकलेल्या सुमारे ३७ कोटी रुपयांवर १२ टक्के चक्रवाढ व्याज लावले. व्याज नसेल तर न्यायालयाच्या प्रत्येक तारखेगणिक प्रदूषक कमावत जातो. चक्रवाढ व्याजाने ती कमाई संपते, म्हणून हा निकाल आम्हाला अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही फार महत्त्वाचा वाटतो. त्याहून बरा उपाय म्हणजे कारखाना चालू असताना, पैसा येत असतानाच, बंद झाल्यावरच्या सफाईसाठी बँक हमी किंवा निधी घेऊन ठेवणे.

कोणीच सापडत नसेल आणि स्वच्छ जमिनीची किंमत सफाईपेक्षा कमी असेल, तर खासगी पैसा तिथे कधीच येणार नाही. पहिल्या उदाहरणात १०० च्या जागी ४० घाला : दोन वर्षांनी ३३, वजा ३०, उरले ३. खर्च दहा टक्के वाढला की संपले. अशा जमिनी कुंपणात पडून राहतात आणि शहराबाहेरची सुपीक जमीन बांधकामाखाली जाते. सार्वजनिक पैसा इथेच यावा, आणि तोही फक्त तुटीपुरता. ज्या जागा बाजार स्वतःच साफ करील तिथे अनुदान देणे म्हणजे विकसकाला बक्षीस.

प्रश्न : झाडे लावून शिसे काढता येते असे वाचले. स्वस्त वाटते.

उत्तर : गुणाकार करून पाहा. एक हेक्टर, ३० सेंटिमीटर खोल, म्हणजे सुमारे ४,५०० टन माती. किलोमागे ३०० मिलिग्रॅम शिसे कमी करायचे तर १,३५० किलो काढावे लागेल. वर्षाला हेक्टरी १० टन सुके पीक आणि त्यात किलोला ५०० मिलिग्रॅम शिसे असे सढळ हाताने धरले, तरी वर्षाला ५ किलो निघते. २७० वर्षे. धूळ आणि धूप रोखायला झाडे उत्तम, शिसे काढायला नव्हे.

प्रश्न : सगळे न खोदता वर काँक्रीट घालून गोदाम किंवा वाहनतळ केले तर?

उत्तर : अनेक ठिकाणी हा शहाणपणाचा मार्ग असतो. १९८० मध्ये नेदरलँड्समधल्या लेकरकेर्क गावात घरांखाली रसायनांची पिंपे सापडल्यावर तिथे कोणत्याही वापराला चालेल इतकी जमीन साफ करण्याचे धोरण आले. ते झेपेना, म्हणून १९९० च्या दशकात वापरानुसार सफाईकडे वळावे लागले. गोदामाखालच्या जमिनीला भाजीच्या वाफ्याचा निकष लावला तर पैसा एका जागेवर संपतो आणि बाकीच्या तशाच राहतात.

पण झाकणे म्हणजे खर्च पुढे ढकलणे, हे ताळेबंदात दिसले पाहिजे. तपासणी आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च १ असेल आणि महागाई वजा जाता ३ टक्के परतावा धरला, तर कायमच्या देखरेखीसाठी आजच ३३ बाजूला ठेवावे लागतात. निकषही बदलतात : निवासी मातीतल्या शिशाची अमेरिकेतली मार्गदर्शक पातळी १९९४ मध्ये किलोला ४०० मिलिग्रॅम होती, २०२४ मध्ये ती २०० वर आणली गेली. झाकण कुठे आहे, किती खोलीपर्यंत हात लावायचा नाही आणि निधी कोणाच्या नावे आहे, हे खरेदीखतात आणि जमिनीच्या नोंदीत लिहा. नाहीतर दहा वर्षांनी केबल टाकणारा चर खोदेल आणि दूषित माती रस्त्याकडेला ढीग घालून जाईल. खाली द्रावक असेल आणि वर बंद इमारत येणार असेल, तर त्याची वाफ आत शिरू नये म्हणून स्लॅबआधी १० ते १५ सेंटिमीटर खडीचा थर, त्यात छिद्रांचे पाइप, वर वाफ अडवणारा पडदा आणि छतावर निघणारी नळी एवढे करून ठेवा. बांधकामाआधी हे किरकोळ काम आहे. इमारत उभी राहिल्यावर तेच करायला फरशी फोडावी लागते.